बर्फ ओसरल्यावर हायड्रॉलिक होजची निगा

काश्मीर खोऱ्याला लडाखशी जोडणारा श्रीनगर–लेह महामार्ग झोजिला खिंडीत सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर पोहोचतो आणि दर हिवाळ्यात तिथे बर्फाखाली गाडला जातो. सीमा सडक संघटनेच्या ‘बीकन’ प्रकल्पाची यंत्रे सोनमर्गच्या बाजूने आणि ‘विजयक’ प्रकल्पाची यंत्रे द्रासच्या बाजूने बर्फ कापत एकमेकांकडे सरकतात, तेव्हाच हा रस्ता पुन्हा वाहता होतो. पूर्वी ही खिंड वर्षातले पाच-सहा महिने बंद असे. २०२३ साली हा खंड ६८ दिवसांवर, २०२४ साली ३५ दिवसांवर आणि २०२५ साली ३२ दिवसांवर आला. प्रवाशांच्या आणि सैन्याच्या दृष्टीने ही मोठी सोय असली, तरी यंत्रांच्या बाजूने पाहता तिचा अर्थ असा होतो की जे डोझर, लोडर, पोकलेन आणि स्नो-कटर पूर्वी कडाक्याच्या थंडीत उभे असत, ते आता शून्याच्या पुष्कळ खाली गेलेल्या तापमानात राबतात आणि एप्रिल-मे उजाडताच दरडी हटवणे, खडक फोडणे, रस्त्याची बाजू खोदणे या त्याहून जड कामांना जुंपले जातात. या संधिकाळात यंत्राचा जो भाग सर्वाधिक दगा देतो तो म्हणजे हायड्रॉलिक होज, आणि तो बहुधा थंडीत फुटत नाही. थंडीत त्याला इजा होते आणि ऊन पडल्यावर, ऑइल तापून पूर्ण दाबाचे काम सुरू झाल्यावर तो फुटतो. म्हणून होजची खरी तपासणी हिवाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर हिवाळा संपल्यावर, वसंतातल्या पहिल्या जड कामाच्या आधी व्हावयास हवी.

होज बाहेरून साध्या रबरी पाइपासारखा दिसत असला तरी तो किमान तीन थरांचा असतो. सर्वांत आतली नळी ऑइलला टिकणाऱ्या नायट्राइल जातीच्या कृत्रिम रबराची असते आणि तिचे काम केवळ ऑइल अडवून धरणे हे असते. तिच्याभोवती पोलादी तारांची वीण किंवा तारांचे सर्पिल वेढे असतात आणि दाब प्रत्यक्षात हा थरच पेलतो. सर्वांत बाहेरचे रबरी आवरण ऊन, पाणी, घर्षण यांपासून तारांचे रक्षण करते. एका विणीचा होज एसएई १००आर१, दोन विणींचा १००आर२ आणि चार सर्पिल वेढ्यांचा १००आर१२ अशी आंतरराष्ट्रीय मानकांतील नावे होजच्या अंगावर छापलेली असतात. वीस टनी पोकलेनच्या मुख्य प्रणालीत दाब सुमारे ३५० बारपर्यंत जातो, म्हणजे एक इंच अंतर्व्यासाच्या होजच्या तोंडावर हा दाब सुमारे १,८०० किलो वजनाइतका जोर लावत असतो. हा जोर होज आणि पोलादी फिटिंग यांच्या सांध्यावर, म्हणजे प्रेसिंग करून आवळलेल्या त्या बोटभर लांबीच्या कॉलरवर तोललेला असतो, हे लक्षात घेतले की तपासणीची सुरुवात कोठून करावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

थंडी रबरावर दोन प्रकारे परिणाम करते. तापमान उतरत जाते तसे रबर लवचिकपणा गमावून ताठ होते आणि एका मर्यादेखाली काचेसारखे ठिसूळ बनते. शिवाय ते पोलादापेक्षा कितीतरी अधिक आकसते, त्यामुळे कॉलरखालची पकड रात्री किंचित सैल आणि दुपारी पुन्हा घट्ट असा खेळ चालू राहतो. सांध्यातील ओ-रिंग, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये बसून गळती थांबवणारे रबरी कडे, याच कारणाने थंडीत आपली जागा नीट भरत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा अपघात थंडीने ताठरलेल्या अशाच एका कड्यामुळे झाला होता आणि त्या सकाळचे तापमान द्रासच्या हिवाळ्याच्या मानाने सौम्यच होते. होजवर ‘उणे ४० अंश’ असा आकडा छापलेला असतो म्हणून पुष्कळ यंत्रधारक निश्चिंत राहतात. परंतु तो आकडा ठरवणाऱ्या चाचणीत होज त्या तापमानात गारठवून एकदा वाकवला जातो आणि त्याला तडा गेला का, एवढेच पाहिले जाते. दिवसभरात शेकडो वेळा वाकणाऱ्या, वर धक्के खाणाऱ्या होजला तो आकडा निर्धोकपणाची हमी देत नाही, आणि त्याच्या टोकाच्या ओ-रिंगची मर्यादा तर अनेकदा त्याहून बरीच वरची असते.

वसंत या इजेत भर घालतो. मार्च-एप्रिलमध्ये खिंडीच्या परिसरात दुपारी बर्फ वितळते आणि रात्री पारा पुन्हा शून्याखाली जातो. दिवसा आवरणाच्या बारीक चिरांतून आत शिरलेले पाणी रात्री गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि चीर रुंद करते, दुसऱ्या दिवशी त्या रुंद चिरेत अधिक पाणी शिरते. पाणी पोलादी विणीपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो. त्यातच उंचीवरचे ऊन तीव्र असते, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजे बर्फ ते किरण मोठ्या प्रमाणात परतवते, त्यामुळे बूमच्या पोटाखालचा, सावलीत वाटणारा होजही या माऱ्यातून सुटत नाही. अतिनील किरण आणि हवेतील ओझोन यांनी रबर सुकते आणि होज जिथे वाकलेला, म्हणजे ताणलेला असतो, तिथे लांबीला आडव्या अशा चिरा पडतात.

हिवाळाभर बर्फ काढणाऱ्या यंत्रात आणि नोव्हेंबरपासून यार्डात उभ्या असलेल्या यंत्रात मात्र नुकसानीची ठिकाणे वेगळी असतात, आणि दोन्ही यंत्रे एकाच यादीने तपासण्याची सवय चुकीची आहे. राबलेल्या यंत्रात हलणारे होज आधी पाहावेत: व्हील लोडरच्या मधल्या सांध्यातले, जे प्रत्येक वळणाला दुमडतात, डोझरच्या पात्याला उचलणाऱ्या आणि तिरपे करणाऱ्या सिलिंडरचे, ज्यांच्यावर बर्फाचे गोठलेले ढेकूळ घासत राहते, पोकलेनच्या बूमच्या मुळाशी असलेले आणि बकेट सिलिंडरकडे जाणारे. उभ्या यंत्रात याउलट न हललेले होज संशयास्पद असतात, कारण महिनोन्‌महिने एकाच वळणात राहिलेले रबर तो आकार धरून बसते आणि पहिल्याच पूर्ण हालचालीत वळणाच्या बाहेरच्या अंगाला चिरते. अशा यंत्राच्या इंजिनकक्षात उंदीर घर करतात आणि पायलट कंट्रोलचे बारीक होज कुरतडतात, तेही पाहावे. ऊन-बर्फात उघड्या राहिलेल्या सिलिंडरच्या दांड्यावर गंजाचे ठिपके पडले असतील तर तो दांडा आत-बाहेर होताना सील कापून टाकतो; म्हणून यंत्र चालवण्यापूर्वी दांडा पुसून, हाताने चाचपून घेणे आवश्यक असते.

होजला हात लावण्याआधी प्रणालीतला दाब काढून टाकणे ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नये. यंत्र सपाट जागी घेऊन बकेट किंवा पाते जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, नंतर किल्ली पुन्हा ‘ऑन’वर ठेवून, पण इंजिन सुरू न करता, सर्व लिव्हर सर्व दिशांना अनेक वेळा फिरवावेत. पुष्कळ यंत्रांत अॅक्युम्युलेटर, म्हणजे नायट्रोजन वायूच्या उशीवर दाबाखालचे ऑइल साठवणारे लहान भांडे असते, आणि किल्ली चालू असल्याखेरीज त्यातला दाब लिव्हरवाटे सुटत नाही, हे कारण माहीत नसल्याने ही कृती अर्धवट केली जाते. शेवटी टाकीच्या ब्रीदरचे, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या-सोडणाऱ्या झाकणाचे, बटण दाबून टाकीतला दाबही सोडावा. गळती शोधण्यासाठी यंत्र चालू ठेवावे लागले तर होजवरून हात कधीही फिरवू नये; पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा अंतरावरून फिरवावा आणि त्यावर ओला डाग उमटतो का ते पाहावे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारी ऑइलची चिळकांडी डोळ्यांना दिसत नाही. सात बारच्या आसपासचा दाबही ती कातडीतून आत घुसवण्यास पुरेसा असतो, आणि इथे दाब त्याच्या पन्नासपट असू शकतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखत नाही, आणि म्हणूनच घातक ठरते. आत शिरलेले ऑइल स्नायू आणि शिरांच्या मार्गाने पसरून काही तासांत ऊती मारू लागते आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा माणसाला पट्टी बांधून कामावर बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाच्या वाटेला लावावे आणि ‘हायड्रॉलिक ऑइल दाबाने कातडीत घुसले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. खिंडीसारख्या ठिकाणी रुग्णालय गाठण्यातच तास जातात, म्हणून तिथे ही सावधगिरी अधिकच कडक हवी.

तपासणीपूर्वी होज धुणे आवश्यक आहे, कारण चिखल आणि ग्रीस यांच्या थराखाली चीर दिसत नाही. धुण्यासाठी कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. डिझेलने होज पुसण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली तरी ती सोडून द्यावी, कारण डिझेलने बाहेरच्या आवरणाचे रबर फुगते आणि मऊ पडते, आणि जोराच्या फवाऱ्याचे तोंड कॉलरच्या कडेवर धरल्यास पाणी नेमके जिथे जाऊ नये तिथे, तारांच्या टोकांपर्यंत, ढकलले जाते. होज कोरडा झाल्यावर चांगल्या उजेडात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मागची बाजू आरशाने पाहत जावे. कॉलर आणि रबर यांच्या सीमेवर थांबून बारकाईने पाहिले असता तीन गोष्टी सांगता येतात: तिथे तांबूस गंजाची रेघ असेल तर पाणी आत पोहोचले आहे, धूळ चिकटून झालेले काळपट ओलसर वलय असेल तर ऑइल पाझरते आहे, आणि रबरावर कॉलरच्या कडेलगत पूर्वी झाकलेली, स्वच्छ, अधिक काळी अशी अरुंद पट्टी उघडी पडलेली दिसत असेल तर होज कॉलरमधून बाहेर सरकू लागला आहे. यातली तिसरी खूण सर्वांत धोक्याची, कारण असा होज फुटत नाही, तर सुटतो, आणि सुटलेले टोक चाबकासारखे फिरते. पुढच्या तपासणीत सरकणे लगेच कळावे यासाठी कॉलरच्या कडेला लागून होजवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी.

उरलेल्या लांबीत आवरण घासून तार दिसते आहे का, फुगवटा आला आहे का, होज कुठे चपटा झाला किंवा मुरडला आहे का, हे पाहावे. फुगवटा म्हणजे आतली नळी फाटून ऑइल आवरणाखाली साचल्याची खूण होय. होज थोडासा वाकवल्यावर आवरणाच्या चिरा उघडून तळाशी तारेची चमक दिसली तर निर्णय घेण्यास तेवढे पुरे आहे. होजच्या अंगावर छापलेली ओळ सरळ धावते की मळसूत्रासारखी फिरते, हेही पाहावे. ती फिरत असेल तर होज पीळ पडलेल्या अवस्थेत बसवला गेला आहे, आणि सात अंशांइतका पीळही त्याचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात कमी करतो, कारण दाब येताच होज सरळ होऊ पाहतो आणि तारांची वीण एकमेकांवर घासते.

दाबाच्या होजकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु उंचावरच्या प्रदेशात त्याहून दुर्लक्षित आणि त्याहून महाग पडणारा होज म्हणजे टाकीतून पंपाकडे ऑइल नेणारा सक्शन होज. पंप ऑइल ‘ओढतो’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात टाकीतल्या ऑइलवर असलेला हवेचा दाब ते पंपाकडे ढकलतो, आणि साडेतीन हजार मीटरांवर हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. ऑइल थंडीने दाट झालेले, ढकलणारा दाब आधीच कमी, अशा स्थितीत सक्शन होजच्या क्लॅम्पजवळ रबर आकसून सैल झाले की बाहेर एक थेंबही न गळता हवा आत शिरते. ऑइलमध्ये मिसळलेले हे बुडबुडे, आणि ऑइल अपुरे पडल्यामुळे पंपाच्या तोंडाशी तयार होणारी पोकळी, पंपाच्या उच्च दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात आणि धातूवर बारीक खड्डे पाडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पंपातून येणारा किंचाळल्यासारखा किंवा खडे खुळखुळल्यासारखा आवाज, टाकीच्या काचेत दिसणारा फेस आणि धक्के देत चालणारे सिलिंडर ही त्याची लक्षणे होत. सक्शन होज स्वस्त असतो आणि पंप यंत्रातील सर्वांत महाग भागांपैकी एक, तेव्हा कडक हिवाळ्यानंतर या होजबाबत संशयाचा फायदा देऊ नये. क्लॅम्प तपासून आवळावेत, रबर दाबल्यावर ते सहज दबून परत येत नसेल तर होज बदलावा. ज्या यंत्रांत ब्रीदर टाकीत थोडासा दाब धरून ठेवतो, तिथे तो नीट चालतो का हेही पाहावे, कारण विरळ हवेत तो दाबच पंपाला आधार देतो.

होजचे आयुष्य त्यातल्या ऑइलशीही बांधलेले असते. महाराष्ट्रात अनेक यंत्रांत सर्रास ‘६८ नंबर’चे ऑइल भरले जाते, हा आकडा ४० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा ६८ सेंटीस्टोक असल्याचे सांगतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते योग्यही ठरते, पण उणे २० अंशांवर त्याच ऑइलचा दाटपणा कित्येक हजार सेंटीस्टोकवर जातो. पुण्याच्या परिसरात, चाकण-तळेगावच्या कारखान्यांत तयार झालेली यंत्रे देशभर जातात, आणि मैदानी प्रदेशातल्या कामावरून हिमालयात नेलेल्या यंत्रात तेच ऑइल राहून गेले तर पहिल्या हिवाळ्यातच सक्शन होज आणि रिटर्न होज, म्हणजे वापरलेले ऑइल कमी दाबाने टाकीत परत नेणारा होज, यांच्यावर नको तो ताण येतो. पुण्यातच दिघी येथे सीमा सडक संघटनेच्या मनुष्यबळाचे, म्हणजे ‘ग्रेफ’ दलाचे, प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे, सपाटीवरच्या उबदार हवेत शिकलेल्या ऑपरेटरला आणि मेकॅनिकला हा फरक प्रत्यक्ष कामावर आकडे दाखवून समजावला पाहिजे. थंड प्रदेशात यंत्राच्या मॅन्युअलनुसार ३२ नंबरचे, त्याहून पातळ किंवा बहुश्रेणी ऑइल वापरावे. वसंतात टाकीच्या तळाचा प्लग किंचित उघडून आधी पाणी येते का ते पाहावे, कारण रिकाम्या भागातील हवेतले बाष्प हिवाळाभर टाकीच्या भिंतींवर जमून खाली उतरलेले असते. ऑइल दुधाळ दिसत असेल तर ते बदलण्याला पर्याय नाही. पाणी मिसळलेले ऑइल पंप झिजवते आणि रात्री गोठून फिल्टर तुंबवते.

कोणता होज काढून टाकायचा, याचा निर्णय यंत्रापुढे उभे राहून, कामाच्या घाईत घेऊ नये. तो आधीच नियमाने ठरलेला असावा. तार दिसली, फुगवटा आला, कॉलर सरकली किंवा तिच्या कडेला पाझर दिसला, होज मुरडला, किंवा आवरण इतके कडक झाले की खोलीच्या तापमानालाही वाकवताना चिरते, यांपैकी एक खूण पुरेशी मानावी. वयाचाही विचार करावा: होजच्या अंगावर तयार झाल्याची तिमाही आणि वर्ष छापलेले असते, आणि जर्मनीच्या डीआयएन २००६६ या मानकात फिटिंगसह तयार केलेल्या होजचे वापराचे आयुष्य, जास्तीत जास्त दोन वर्षांच्या साठवणीसह, सहा वर्षांपलीकडे जाऊ नये असे सांगितले आहे. जिथे हिवाळा इतका कडक असतो तिथे सहा वर्षेही उदार वाटतात. पाझरणाऱ्या होजवर ट्यूबची पट्टी आवळून काम रेटण्याची रीत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. ती मोडली पाहिजे, कारण पट्टीने दाब अडत नाही, फक्त चिळकांडी दिसेनाशी होते आणि तारेचा गंज लपतो.

नवा होज मागवताना ‘अर्ध्या इंचाचा, असा लांब’ एवढे सांगणे पुरेसे नसते. मानक आणि दाब, अंतर्व्यास, दोन्ही टोकांच्या फिटिंगचा प्रकार, एका टोकाच्या बसण्याच्या जागेपासून दुसऱ्या टोकाच्या बसण्याच्या जागेपर्यंतची लांबी, आणि दोन्ही टोके कोपरासारखी वाकलेली असतील तर त्यांच्यामधला कोन या सर्व गोष्टी लिहून द्याव्यात. कोन चुकला की होज पीळ देऊनच बसवावा लागतो. दाबाखाली होजची लांबी दोन टक्क्यांनी वाढू शकते किंवा चार टक्क्यांनी घटू शकते, म्हणून तो ताणून बसवू नये. प्रत्येक होजला वळणाची किमान त्रिज्या असते. अर्ध्या इंचाच्या दोन विणींच्या होजला ती साधारण १८० मिलिमीटर असते, आणि कॉलरपासून लगेच वळण सुरू होता कामा नये. होज कापताना रबर आणि तारेचा चुरा आत पडतो, तो साफ न करता प्रेसिंग केले तर नवा होजच पंपाचा आणि व्हॉल्व्हचा शत्रू ठरतो. म्हणून दुकानात प्रेसिंगनंतर होजच्या आतून हवेच्या दाबाने फोमची गोळी मारून घ्यावी आणि दोन्ही तोंडांना टोप्या लावून मगच तो ताब्यात घ्यावा. एका कंपनीचा होज आणि दुसऱ्या कंपनीचे फिटिंग जमवून केलेला, किंवा जुनी कॉलर पुन्हा दाबून केलेला होज घेऊ नये. बसवताना नवी ओ-रिंग ऑइल लावून घालावी, एक पाना फिटिंगच्या षटकोनावर धरून दुसऱ्याने नट आवळावा, म्हणजे होज फिरत नाही, आणि मोजून जोर देणारा टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यावर थांबावे. मूळ क्लॅम्प परत बसवण्याचा कंटाळा करू नये. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला होज थंडीत पट्टी तुटताच सुटा होतो आणि पहिल्या धारदार कडेवर घासू लागतो.

सर्व काम झाल्यावरची पहिली सकाळ संयमाने काढावी. इंजिन पाच ते दहा मिनिटे कमी वेगात चालू द्यावे. नंतर भार न घेता, प्रत्येक सिलिंडर आधी अर्ध्या आणि मग पूर्ण लांबीच्या जवळपास, पण टोकाला न भिडवता, सावकाश फिरवावा, म्हणजे नव्या होजमधली हवाही निघून जाते. ऑइल २० ते २५ अंशांपर्यंत चढल्याखेरीज भार घेऊ नये. तासाभराच्या हलक्या कामानंतर यंत्र थांबवून, दाब सोडून, सर्व सांधे पुन्हा पाहावेत. थंड यंत्रात न दिसलेला पाझर गरम ऑइलने दिसतो आणि ही दुसरी तपासणीच अनेकदा खरा दोषी होज दाखवून देते. खडक फोडण्याचे ब्रेकर जोडताना वसंतात आणखी एक अडचण येते: सकाळी थंडीत टोपी लावून ठेवलेल्या क्विक कपलरच्या, म्हणजे झटपट जोडता-सोडता येणाऱ्या सांध्याच्या, होजमधले ऑइल दुपारच्या उन्हात प्रसरण पावते आणि आत अडकलेल्या दाबामुळे कपलर जुळत नाही. तेव्हा हातोड्याने कपलरचे टोक ठोकून ऑइल उडवण्याचा मार्ग घेऊ नये. ब्रेकर सावलीत ठेवावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच दाब सोडावा.

फुटलेल्या होजचा परिणाम यंत्रापुरता राहत नाही. वीस टनी पोकलेनचे दोन पंप मिळून पूर्ण वेगात मिनिटाला चारशे लिटरच्या आसपास ऑइल ढकलतात, त्यामुळे ऑपरेटरने इंजिन बंद करेपर्यंतच्या काही सेकंदांत टाकीचा मोठा हिस्सा जमिनीवर येतो. झोजिलाच्या पश्चिमेचे वितळलेले पाणी सिंध नदीतून झेलमला आणि पूर्वेचे द्रास नदीच्या वाटेने सिंधूला मिळते, आणि खालची गावे हेच पाणी पितात. म्हणून यंत्रासोबत ऑइल शोषणारे कापड किंवा भुसा, रिकामे पिंप आणि फावडे ठेवावे, आणि होज फुटल्यावर बूम अचानक खाली येऊ न देणारी सुरक्षा झडप ज्या यंत्राला नसेल त्याच्या उचललेल्या बूमखाली कोणत्याही कामासाठी माणूस उभा करू नये.

या तपासणीची नोंद यंत्रागणिक एका वहीत ठेवावी: होजची जागा, छापील तारीख, दिसलेली खूण, बदलल्याचा दिवस आणि त्या वेळचे यंत्राचे तास. दोन हिवाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की त्या ठिकाणी, त्या कामावर कोणता होज किती टिकतो हे मॅन्युअलपेक्षा अचूक कळते, आणि त्यावरून सुट्या होजची यादी करता येते. ही यादी रस्ता खुला असतानाच, सप्टेंबर संपण्यापूर्वी, प्रेसिंगच्या दुकानात पोहोचावी. आलेले होज वेटोळी फार घट्ट न करता, टोप्या आणि चिठ्ठ्या लावून, उन्हापासून दूर आणि जनरेटर व वेल्डिंगच्या जागेपासून वेगळ्या खोलीत ठेवावेत, कारण विजेच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन न वापरलेल्या रबरालाही चिरतो.